नाशिकच्या हिरडीवाल्या डॉक्टरांकडे चार सिटिंग, आठ हजार रुपये आणि जांभळे दात

आधीच सांगते, क्लिनिकचं नाव टाकत नाहीये. मागे एका पार्लरबद्दल चांगलं लिहिलं तर लोक म्हणाले किती पैसे मिळाले. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत आहे, पहिला मजला, लिफ्ट नाही, एवढं पुरे. पैसे माझे गेलेत आणि दातही माझेच आहेत, त्यामुळे जसं वाटलं तसं लिहिते.

खरं म्हणजे मला दातांचा त्रासच नव्हता. वय ४४, आजवर एक दात किडला नाही, कुठे सिमेंट नाही, रूट कॅनल तर लांबच, आणि मी हे चारचौघात मिरवायचे पण. फक्त ब्रश करताना बेसिनमध्ये गुलाबी थुंकी यायची. ती वर्षानुवर्षं येतेय, अंगात उष्णता असेल म्हणून सब्जा खाल्ला, आवळ्याचा रस प्यायले, ब्रश एकदम सॉफ्टवाला आणला आणि जिथून रक्त येतं तिथे हात हलका ठेवायला लागले. तेवढा भाग जवळजवळ सोडूनच द्यायचे म्हणा ना. मग गेल्या दिवाळीत नवऱ्याने फार जपून, शब्द शोधत शोधत सांगितलं की अगं तुझ्या तोंडाला वास येतो हल्ली. सतरा वर्षांच्या संसारात या माणसाने एवढं जपून काहीच सांगितलेलं नाही, त्यामुळे मी लगेच समजले की प्रकरण गंभीर आहे.

पहिल्यांदा गेले ते दुसऱ्याच ठिकाणी. तिथे ४९९ मध्ये क्लीनिंगची ऑफर चालू होती. घड्याळ लावून बारा मिनिटं. घर्रर्र, पाणी, चूळ भरा, घर्रर्र, चूळ भरा, झालं ताई. हिरडीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. निघताना क्लोरहेक्सिडीनचा, म्हणजे जंतू मारायच्या औषधाचा, माउथवॉश लिहून दिला, किती दिवस वापरायचा ते चिठ्ठीवर नाही आणि तोंडीही नाही. मला वाटलं औषधच आहे, जास्त घेतलं तर जास्त गुण. दोन महिने सकाळ-संध्याकाळ इमानेइतबारे खळखळून चुळा भरल्या. वास गेला हो, पहिले पंधरा दिवस तर मीच नवऱ्याच्या तोंडाजवळ जाऊन बोलायचे. पण घरात वरण खारट व्हायला लागलं. मला चव बघताना मीठ कमीच लागायचं, मी टाकत जायचे, आणि पोरगा म्हणायचा आई समुद्र केलायस का. सासूबाई एक दिवस काही न बोलता उठल्या आणि वाटीतल्या वरणात गरम पाणी ओतून घेतलं. नंतर कळलं की क्लोरहेक्सिडीनने खारट चव बोथट होते, हे माहितीतलं आहे, फक्त मला कुणी सांगितलं नव्हतं. वर दातांवर तपकिरी डाग, खालच्या पुढच्या दातांना तर अगदी मिश्री लावल्यासारखी कड आली. बाटली थांबवली आणि आठ दिवसांत वास परत हजर.

आमच्या पतसंस्थेतल्या एका मैत्रिणीने मग या डॉक्टरांचा पत्ता दिला. या हिरड्यांच्या स्पेशालिस्ट आहेत, पेरिओवाल्या. मला तोवर माहीतच नव्हतं की हिरडीचा वेगळा डॉक्टर असतो, मला वाटायचं दात म्हणजे सगळे दातच.

पहिल्या दिवशी मशीन चालूच केलं नाही. एक बारीक सळई घेतली, तिच्यावर मिलीमीटरच्या खुणा, आणि प्रत्येक दाताच्या सहा बाजूंना हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीत ती अलगद घालून मोजत गेल्या. असिस्टंट पोरगी लिहून घेतेय. तीन, दोन, तीन. तीन, तीन, चार. पाच, सहा, रक्त. सहा, पाच, रक्त. आपण आडवे पडून छताकडे बघतोय आणि डोक्यावर आकडे चाललेत, लिलाव चालू असल्यासारखं. तीनपर्यंत ठीक, चारच्या पुढे गडबड. माझ्या मागच्या दाढांना पाच-सहाच्या फटी निघाल्या, त्याला ते पॉकेट म्हणतात. एक्स-रेमध्ये दाढांमधलं हाड थोडं खाली गेलेलं दिसत होतं. मी म्हटलं पण डॉक्टर मला एक कीड नाही हो. त्या म्हणाल्या, कीड लावणारे वेगळे आणि हे वेगळे.

हा भाग मला सगळ्यात आवडला म्हणून नीट सांगते. आपल्या तोंडात आजवर सातशेच्या आसपास प्रकारचे जंतू सापडलेत, एकाच माणसात सगळे नसतात, पण लाळेच्या एका मिलीलिटरमध्ये साधारण दहा कोटी जंतू असतातच, अगदी स्वच्छ माणसाच्या पण. त्यातला कीड लावणारा मुख्य म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स, १९२४ मध्ये क्लार्क नावाच्या इंग्लंडमधल्या संशोधकाने त्याला हे नाव दिलं. त्याला साखर लागते. साखर खाऊन तो एकीकडे चिकट डिंकासारखं काहीतरी करतो, ज्याने दाताला चिकटून राहता येतं, आणि दुसरीकडे ॲसिड सोडतो. काही मिनिटांत दातावरचा पीएच, म्हणजे आंबटपणा मोजायचा आकडा (जितका खाली तितकं ॲसिड जास्त), साडेपाचच्या खाली जातो आणि तिथून इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, विरघळायला लागतं. मग लाळ हळूहळू ते सावरून आणते, त्याला अर्धा-एक तास लागतो. म्हणजे एकदाच बसून चार गुलाबजाम खाल्ले तर एकदाच घसरण. आणि आमच्या ऑफिससारखा दर दीड तासाने गोड चहा आणि त्यात बुडवून बिस्कीट असेल तर लाळेने बिचारीने सावरायचं कधी? मी चहा बिनसाखरेचा पिते, त्यामुळे कदाचित दात वाचले असतील. पण हिरडीखालचे जे आहेत त्यांना साखरेशी फारसं देणंघेणं नाही. त्यांना हवा नको असते, अंधारी फट हवी आणि प्रोटीन हवं. त्यातला एक, पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस (हे नाव मी तीनदा लिहून घेतलं), त्याला तर रक्तातलं लोह लागतंच. हिरडी सुजली की रक्त येतं, आणि रक्त आलं की याचं जेवण वाढलं.

आणि मी काय करत होते, तर जिथून रक्त येतंय नेमका तिथला ब्रश हलका करत होते! म्हणजे अन्नछत्र उघडून वर झाडलोट पण बंद.

वास पण तिथूनच. हे जंतू प्रोटीन मोडतात तेव्हा सडक्या अंड्याच्या वासाचे गंधकाचे वायू निघतात, हिरडीच्या फटीतून आणि जिभेच्या अगदी मागच्या भागावरून.

मग मायक्रोस्कोप. माझ्या दाढेच्या फटीतून टाचणीच्या टोकाएवढा पांढरा चिकटा काढला, काचेवर पाण्याच्या थेंबात ठेवला आणि स्क्रीनवर लावला. आई शप्पथ. काही ठिपके गप बसलेले, काही काड्या इकडून तिकडे सुसाट, आणि मध्येच स्प्रिंगसारखे वळवळणारे लांबडे, त्यांना स्पायरोकीट म्हणतात. लहानपणी गावाकडे दाढ ठणकली की काटेरिंगणीच्या बियांची धुरी द्यायचे आणि पाण्याच्या ताटलीत 'हे बघ किडे पडले' म्हणून दाखवायचे. मी कधी विश्वास ठेवला नाही. आणि इथे एसी केबिनमध्ये बसून माझेच किडे मला दाखवत होते, भले ते दातात भोक पाडणारे नसोत. डॉक्टरांचं एक कौतुक, त्यांनी स्वतःच सांगितलं की ही टेस्ट नाहीये, हे फक्त तुम्हाला पटावं म्हणून दाखवते, ट्रीटमेंट ठरते ती सळईच्या आकड्यांवर आणि एक्स-रेवर. स्लाइडचे वेगळे पैसेही लावले नाहीत. स्क्रीन दाखवून घाबरवायचं आणि पॅकेज गळ्यात मारायचं असा प्रकार असता तर मी तिथूनच उठले असते.

त्यानंतर जांभळा रंग. मी त्या दिवशी घरून दोन मिनिटं मोजून ब्रश करून गेले होते, डॉक्टरकडे जायचं म्हणून जरा जास्तच. त्यांनी कापसाने सगळ्या दातांना एक द्राव लावला, चूळ भरायला सांगितली आणि आरसा हातात दिला. जिथे नवीन थर तिथे गुलाबी, जिथे दोन-तीन दिवस जुना तिथे जांभळा-निळा. दातांची पुढची बाजू स्वच्छ, फोटोत येते तेवढी. दोन दातांच्या मधली प्रत्येक फट जांभळी, हिरडीच्या कडेने जांभळी रेघ, आणि खालच्या दातांची आतली बाजू तर जांभूळ खाऊन आल्यासारखी. सगळा थर ब्रश करूनही राहिलेला, आणि मी दोन महिने रोज दोनदा ते औषध त्याच्यावरून फिरवत होते! सायनुसायटिसला दारावर निलगिरी शिंपडावी तसं.

मी विचारलं की मग माउथवॉशने हे मेले का नाहीत. त्यांनी जे सांगितलं ते मला इतकं भारी वाटलं की घरी येऊन वाचत बसले. हॉलंडमध्ये डेल्फ्ट नावाच्या गावात लेवेनहूक म्हणून एक कापडाचा व्यापारी होता, स्वतः भिंगं घासून सूक्ष्मदर्शक करायचा. १६८३ मध्ये त्याने स्वतःच्याच दातांमधला पांढरा चिकटा काढून भिंगाखाली बघितला आणि त्यात जिवंत प्राणी वळवळताना दिसले, तसं लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवलं. हा माणूस रोज मिठाने दात घासायचा बरं का, कापडाने पुसायचा, तरी फटीत पातळ कालवलेल्या कणकेसारखं सापडलं. पुढची गंमत म्हणजे त्याने व्हिनेगरची चूळ भरून बघितली. काचेवर चिकट्यात व्हिनेगर कालवलं की प्राणी मरायचे, पण तोंडात चूळ भरून मग फटीतला चिकटा काढला तर आतले जिवंतच. त्याने तेव्हाच लिहिलंय की व्हिनेगर थराच्या आत पोचत नाही, फक्त वरवरचे मरतात. साडेतीनशे वर्षं होत आली आणि मी दोन महिने बाटल्या रिकाम्या करून हेच सिद्ध केलं. हा थर म्हणजे नुसती जंतूंची गर्दी नाही, ते चिकट आवरण करून एकमेकांना धरून बसतात. नदीतल्या दगडावर शेवाळ चढतं ना, त्याच्यावरून कितीही पाणी गेलं तरी सुटत नाही, पायाने घासलं की निघतं, तसं. न घासता राहिला की लाळेतलं कॅल्शियम बसून त्याचं किटण होतं, मग ब्रशचं काही चालत नाही, तिथे डॉक्टरच पाहिजे.

माउथवॉश वाईट असं नाही म्हणत. ऑपरेशननंतर, ब्रश लावता येत नाही अशा वेळी, पंधरा दिवस वगैरे, तेव्हा क्लोरहेक्सिडीनचा उपयोग आहेच, पेस्टनंतर अर्धा तास थांबून वापरायचं एवढं पथ्य, कारण पेस्टमधल्या फेसाच्या केमिकलने त्याचा असर कमी होतो. पण रोज उठून सगळे जंतू मारायचे हा हिशोबच चुकीचा निघाला. जिभेवरचे काही जंतू पालक-बिटातल्या नायट्रेटवर काम करतात आणि त्यातून पुढे शरीरात रक्तवाहिन्या सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड बनतं, ते जंतू मारले की बीपी किंचित वर जाऊ शकतो असं दिसलंय. सासूबाईंना बीपीची गोळी आहे, आणि त्या 'माझ्या पण तोंडाला वास येतो गं' म्हणत माझी बाटली वापरत होत्या. ती मी त्याच दिवशी मोरीत ओतली.

आता सर्व्हिस. चार सिटिंग, दर वेळी तोंडाचा एक पाव भाग, इंजेक्शन देऊन बधिर करून. मशीनने वरचं किटण आणि मग हाताच्या बारीक हत्याराने हिरडीखालचं. दुखत नाही, पण खरवडल्याचा आवाज कवटीत घुमतो, जळलेलं पातेलं तारेच्या घासणीने घासताना कसा येतो तसा, आणि तो आवाज आपल्या आतून येतोय हे सहन करायला लागतं. एका सिटिंगला पाऊण तास. नंतर आठवडाभर गार पाणी झिणझिणायचं, सेन्सिटिव्हवाली पेस्ट दिली त्याने कमी झालं. 'क्लीनिंग केलं की दात हलतात आणि फटी पडतात' हे आपल्याकडे सगळ्या आत्या-मावश्या सांगतात, तर फटी मला पण दिसल्या. पण त्या आधीपासूनच होत्या, किटणाने आणि सुजलेल्या हिरडीने बुजवलेल्या. सूज उतरली की हिरडी बसते. खालच्या दोन दातांमध्ये आता एक काळा त्रिकोण दिसतो आणि तो मला अजिबात आवडलेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगते.

त्यांनी हातात दिलेली खरी वस्तू म्हणजे फटीत घालायचे बारीक ब्रश. बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू म्हणा. फटीच्या मापाचा लागतो, मला पुढे एक साइज आणि दाढांना त्याहून मोठा असे दोन दिले, आणि नुसते दिले नाहीत तर माझ्याकडून स्वतःच्या हाताने घालून घेतले, आरशात बघत, दोनदा चुकल्यावर तिसऱ्यांदा. पहिल्या दिवशी घरी दाढेच्या फटीतून ब्रश काढला आणि वास घेऊन बघितला. नका विचारू. नवऱ्याला मनातल्या मनात माफ केलं. एक ब्रश आठवडा-दहा दिवस चालतो, मग तार वाकते. महाग आहेत आणि नाशिकमध्ये सगळ्या मेडिकलमध्ये मिळत नाहीत, मेडिकलवाला मला दोनदा लहान मुलांचे टूथब्रश दाखवत होता. ऑनलाइन मागवले तर माप चुकायची भीती, आधी डॉक्टरकडून साइज लिहून घ्या.

चांगल्या जंतूंच्या चघळायच्या गोळ्या पण मी मध्येच स्वतःच्या डोक्याने आणल्या होत्या, लॅक्टोबॅसिलस रॉयटेरीच्या, महिनाभर खाल्ल्या. पुदिन्याची चव बरी होती. बास, एवढंच. डॉक्टर म्हणाल्या घ्यायच्या तर घ्या, पण ब्रशऐवजी नाही.

मी त्यांना विचारलं होतं की आठ दिवस टाळाटाळ झाली तर लगेच काही बिघडतं का. तर १९६५ मध्ये डेन्मार्कच्या आरहुसला हाराल्ड ल्यो म्हणून संशोधक होते, त्यांनी चांगल्या हिरड्यांच्या बारा जणांना दात घासायचंच बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. परत घासायला लावलं, आठवड्याभरात पूर्ववत. मला यातला दुसरा भाग ऐकून फार बरं वाटलं. अर्थात ती नुसती सूज होती, माझं गेलेलं हाड काही परत येत नाही, ते पण त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

दोन महिन्यांनी परत मोजणी. सहाचे चार झाले, पाचचे तीन-चार, एक वरची दाढ अजून पाचवर अडून बसलीये, तिथे परत खरवडलं. रक्त तीन-चार जागीच. स्लाइड बघायचा हट्ट मी केला, ठिपके गप बसलेले आणि स्प्रिंगवाले शोधायला लागले. वास नाही, असं नवऱ्याचं लेखी म्हणणं आहे, व्हॉट्सॲपवर.

तक्रारी. अपॉइंटमेंट सहाची, आत घेतलं सात दहाला, आणि हे चार पैकी तीन वेळा. रिसेप्शनच्या टीव्हीवर एकच सिरियल. पार्किंग नाहीच, ॲक्टिव्हा समोरच्या किराणावाल्याच्या पायरीशी लावली की तो बाहेर येऊन नुसता बघत उभा राहतो. आठ हजारांची पावती मागितली तर मिळाली, मागावी लागली पण. आणि दर तीन महिन्यांनी यायचं म्हणतात, ते सहाशे रुपये वेगळे. त्या ४९९ वाल्याकडे वर्षातून दोनदा जाऊन हजार होतात, मग हे महाग की ते, ते ज्याने त्याने आपल्या हिरडीकडे बघून ठरवा. मी पाचपैकी चार देते, एक कापला तो त्या टीव्हीचा आणि किराणावाल्याचा मिळून.

सासूबाईंना शुगर आहे आणि शुगर नि हिरड्या एकमेकांना बिघडवतात म्हणून त्यांना घेऊन या असं डॉक्टर म्हणाल्यात. त्या पहिल्यांदा म्हणाल्या चार दात राहिलेत त्यांना काय दाखवायचं. मग माझा जांभळ्या दातांचा फोटो बघून खूप हसल्या आणि तयार झाल्या, अट एकच, मला तो रंग लावायचा नाही. गुरुवारी सहाची अपॉइंटमेंट आहे. मिश्रीची डबी त्यांनी स्वतःहून फडताळात वर ठेवलीये, हात पोचेल इतक्याच वर.